ड्रायव्हर डाउनलोड करताय? आधी थोडं थांबा

सोलापुरात अशोक चौकाकडच्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून बऱ्याच जणांनी मशीनवर नवीन विंडोज टाकून घेतलं, यांनीही घेतलं. विंडोज झालं, टॅली चालू झालं, पण लेबल प्रिंटर काही चालेना. बाहेर टेम्पो उभा, हैदराबादचा माल जायचा, आणि लेबल नसलं तर ट्रान्सपोर्टवाला पार्सल घेत नाही. अकाउंट बघणाऱ्या ताईंनी गूगलवर प्रिंटरचं नाव टाकलं, पुढं ड्रायव्हर डाउनलोड लिहिलं, सगळ्यात वर जी लिंक आली ती उघडली, मोठं हिरवं बटण होतं ते दाबलं, फाईल उतरली, चालवली, विंडोजनं परवानगी विचारली तिथं यस केलं. प्रिंटर तरीही चालला नाही. शेवटी मार्करनं पत्ते लिहून माल पाठवला आणि सगळे घरी गेले.

नऊ-दहा दिवसांनी हैदराबादच्या पार्टीचा मालकांना फोन आला, अण्णा तुमचं बँक अकाउंट बदललंय का, मेल आलाय म्हणून विचारतोय. मेल यांच्याच आयडीवरून गेला होता, बिल यांचंच होतं, नंबर तारीख सगळं बरोबर, फक्त खाली अकाउंट नंबर दुसऱ्याचा. पार्टी वीस वर्षांची जुनी म्हणून त्यांनी फोन तरी केला, नाहीतर दीड लाख रुपये गेलेच होते.

अण्णांनी मला बोलावलं तेव्हा त्या ताई रडकुंडीला आलेल्या, सगळं ऑफिस त्यांच्याकडं बघत होतं. मला ते बघवलं नाही. त्यांनी जे केलं ते आपण सगळेच करतो, गिऱ्हाईक समोर उभं असतं, काम अडलेलं असतं आणि माणूस पहिलं दिसेल ते बटण दाबतो, आणि ही फसवणूक बरोबर त्याच घाईवर उभी केलेली असते. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, दुकानदार, सेतूवाले, अकाउंटवाले, कॉलेजची पोरं, सगळ्यांना उपयोगी पडेल.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते बघू. कारखान्यात मागावर कामगार असतो, तो धागा तुटला तर जोडतो, कांडी संपली तर बदलतो, पण माग उघडून आत हात घालत नाही. ते काम जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचं. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. टॅली, वर्ड, क्रोम हे बाहेरून काम करणारे प्रोग्रॅम, विंडोज त्यांना ठराविक जागेपुरतंच फिरू देतं. ड्रायव्हर हा जॉबर आहे. प्रिंटर, वायफाय, ग्राफिक कार्ड, बोटाचा ठसा घ्यायचं मशीन, ह्यांची भाषा विंडोजला समजावून सांगायचं काम त्याचं, आणि त्यासाठी बऱ्याच ड्रायव्हरना पार आतपर्यंत, ज्याला कर्नल म्हणतात तिथपर्यंत जावं लागतं. तिथं गेलेल्या प्रोग्रॅमला मेमरी दिसते, डिस्क दिसते, तुम्ही टाईप केलेलं दिसतं, आणि तो अँटिव्हायरससुद्धा बंद पाडू शकतो. प्रिंटरचे ड्रायव्हर हल्ली एवढे आत जात नाहीत, पण त्यांचा इन्स्टॉलर चालवताना आपण जो यस दाबतो त्यानं त्या फाईलला ॲडमिनचा पूर्ण अधिकार मिळतो, आणि नुकसान करायला तेवढा अधिकार पुरे होतो. दुसऱ्या कुठल्याही फाईलनं असा यस मागितला तर आपल्याला शंका येते, ड्रायव्हरच्या बाबतीत येत नाही कारण खरा ड्रायव्हरही हेच मागतो. चोरांना ड्रायव्हरचं सोंग आवडतं ते यामुळं.

त्या ताईंच्या मशीनवर नेमकं काय झालं असेल? अशा फाईलमधून बहुतेक वेळा जे येतं त्याला माहिती चोरणारा प्रोग्रॅम म्हणू. तो स्क्रीनवर काही दाखवत नाही, मशीन हळू होत नाही. दोन-चार मिनिटांत ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज गोळा करून पाठवून देतो, कधीकधी नंतर स्वतःला पुसूनही टाकतो. कुकी म्हणजे आपण जीमेलला एकदा लॉगिन केलं की ब्राउझरला मिळणारा पास, ज्याच्यामुळं दुसऱ्या दिवशी पुन्हा पासवर्ड मागत नाही. तो पास चोराच्या हातात पडला की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही, कारण लॉगिन आधीच झालेलं आहे. अण्णा मला सारखं विचारत होते की ओटीपी माझ्या मोबाईलवर आलाच नाही तर मेल उघडला कसा, तर असा उघडला. मग चोरानं आठवडाभर गुपचूप मेल वाचले, कुणाकडून किती येणं आहे ते बघितलं आणि मोक्याला बिल पाठवलं.

आता ड्रायव्हर लागला तर करायचं काय. सगळ्यात पहिला प्रश्न, तो डाउनलोड करायची गरज तरी आहे का? बऱ्याच वेळा नसते. कीबोर्ड, माऊस, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, बारकोड स्कॅनर यांना वेगळा ड्रायव्हर जवळपास कधीच लागत नाही. बाकीच्यांसाठी मशीन नेटला जोडा, विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, रीस्टार्ट करा, आणि मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथं ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं ऑप्शनल अपडेट्स उघडून बघा. ही जागा फार कमी लोकांना माहिती आहे आणि राहिलेले ड्रायव्हर अनेकदा तिथंच वाट बघत बसलेले असतात. वायफायचाच ड्रायव्हर नाही, नेट कुठून आणू असं पोरं विचारतात, तर मोबाईल केबलनं लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, अँड्रॉइड फोन असला तर विंडोज बहुतेक वेळा तो आपणहून ओळखतं आणि नेट चालू होतं.

एवढं करूनही नाही झालं तर कंपनीच्या साईटवर जायचं, पण गूगलच्या वाटेनं नाही. गूगलवर सगळ्यात वर ज्या दोन-चार लिंक येतात त्यांच्यावर बऱ्याचदा स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरून लावलेली जाहिरात. आणि पैसे चोरही भरतो. पत्ता स्वतः टाईप करा, किंवा प्रिंटरच्या बॉक्सवर, मॅन्युअलवर छापलेला असतो तो घ्या. लिंकवरून गेलातच तर पत्त्याची पट्टी वाचायला शिका, याला दोन मिनिटं लागतात आणि आयुष्यभर उपयोग होतो.

आपल्या सोलापूरकरांना हे समजायला सोपं आहे. बाहेरगावी रस्त्याच्या कडेला गाड्यावर सोलापुरी चादर म्हणून काय काय विकतात ते आपण बघतोच की. पाटीवर सोलापुरी लिहिलं, लेबलावर सोलापुरी छापलं म्हणून ती चादर सोलापूरच्या मागावरची होत नाही. आपण काय करतो, हातात घेऊन वीण बघतो, वजन बघतो, कुणी बनवलीय ते बघतो. वेबसाईटच्या पत्त्यातही कंपनीचं नाव कुठंतरी असणं आणि ती साईट कंपनीची असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघा दिसत असतील तर त्या सोडून द्या, त्यांच्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबा आणि तिथून उलटं वाचा. शेवटी डॉट कॉम, त्याच्या लगेच आधी जो शब्द असेल तो साईटचा खरा मालक. सपोर्ट डॉट एचपी डॉट कॉम, यात डॉट कॉमच्या आधी एचपी आहे, म्हणजे एचपीची. पण त्या जागी एचपी, आडवी रेघ, प्रिंटर, आडवी रेघ, ड्रायव्हर असा एकच लांबलचक शब्द असेल तर तो वेगळाच मालक आहे, एचपीशी त्याचा काही संबंध असायची गरज नाही, असलं नाव थोडे पैसे भरून कुणालाही घेता येतं. डॉट कॉमच्या ऐवजी डॉट को डॉट इन असेल तर तो शेवटचा तुकडा धरायचा आणि त्याच्या आधीचा शब्द बघायचा, एवढाच फरक. आणि ते कुलूपाचं चित्र दिसतंय म्हणून साईट खरी, असं अजिबात नाही. त्याचा अर्थ वाटेत कुणी वाचत नाही एवढाच, पलीकडं कोण बसलाय ते त्यानं कळत नाही.

मॉडेल नंबर प्रिंटरच्या तोंडावर लिहिलेला असतो तेवढ्यावर जाऊ नका. पालथा करा, खाली किंवा मागं स्टिकर असतो त्यावर पूर्ण नंबर असतो, शेवटची दोन अक्षरं बदलली की ड्रायव्हर बदलतो. अण्णांकडचा लेबल प्रिंटर मी असाच पालथा केला, स्टिकर वाचला, कंपनीच्या साईटवरून ड्रायव्हर घेतला आणि दहा मिनिटांत लेबलं निघायला लागली. लॅपटॉप असेल तर खालचा सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साईटवर टाका, तुमच्याच मॉडेलची यादी समोर येते.

कधी स्टिकरच गेलेला असतो किंवा असेंबल केलेलं मशीन असतं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची विंडोजमधली यादी, उघडा, पिवळं चिन्ह असलेल्या नावावर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथं डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. एक लांबडा कोड दिसेल. त्यात व्हीईएन ह्या तीन अक्षरांच्या पुढं ८०८६ असेल तर वस्तू इंटेलची, १०डीई असेल तर एनव्हिडियाची, १००२ असेल तर एएमडीची, १०ईसी असेल तर रिअलटेकची. इंटेलनं १९७८ साली काढलेल्या प्रोसेसरचं नाव ८०८६ होतं, तोच नंबर त्यांनी ओळखीसाठी घेतलाय, त्यामुळं लक्षात राहतो. पण एक चूक करू नका, तो अख्खा कोड उचलून गूगलमध्ये टाकू नका, कारण बरोबर असले कोड पकडायलाच शेकडो ड्रायव्हरच्या साईट टपून बसलेल्या असतात. कोडवरून कंपनी कोणती ते ओळखा आणि तिच्या साईटवर जा, किंवा मायक्रोसॉफ्टची अपडेट कॅटलॉग नावाची साईट आहे तिथं तो कोड टाका, तिथं टाकायला हरकत नाही.

तुमचे सदतीस ड्रायव्हर जुने झालेत, आत्ता अपडेट करा, असं लाल अक्षरात दाखवणारे प्रोग्रॅम असतात. ते टाकू नका. त्यातले काही सरळ सरळ खोटे, काही खरे पण सोबत चार नको त्या गोष्टी घेऊन येणारे, आणि जे बरे आहेत तेही तुमच्या उपयोगाचे नाहीत. चालू असलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर जुना आहे म्हणून काही बिघडत नाही. ग्राफिक कार्ड असेल किंवा कंपनीनं सुरक्षेसाठी नवीन काढला असेल तर गोष्ट वेगळी, तोही कंपनीकडूनच घ्यायचा.

फाईल उतरली, आता ती चालवायच्या आधी बघायचं. फोल्डरमध्ये व्ह्यू मध्ये जाऊन फाईलचं एक्स्टेन्शन दिसेल असं करून ठेवा, नाहीतर नावाच्या शेवटी पीडीएफ दिसतं आणि खरं शेपूट त्याच्या पुढं ईएक्सई असतं जे विंडोज लपवतं. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब आहे का बघा, त्यात सही करणाऱ्या कंपनीचं नाव असतं. कॅननच्या ड्रायव्हरवर कॅनन पाहिजे. टॅबच नसेल किंवा भलतंच कुणाचं नाव असेल तर तिथंच थांबा. सही बरोबर आहे म्हणजे शंभर टक्के झालं असंही नाही, २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला त्याच्या ड्रायव्हरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन कंपन्यांच्या चोरलेल्या सह्या होत्या. पण रोजच्या भुरट्या फाईली ह्या पहिल्याच चाळणीत अडकतात.

झिप फाईल असेल आणि तिचा पासवर्ड वेबपेजवरच दिलेला असेल तर ती शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा वाईट समजा. पासवर्ड लावण्याचं कारण एकच, अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये. दुसरी युक्ती साइजची आहे, आतल्या फाईलमध्ये नुसतं रिकामं भरून ती सातशे-आठशे एमबीची करतात म्हणजे तपासणारे प्रोग्रॅम तिला हात लावत नाहीत, आणि झिप केली की तीच फाईल दहा-बारा एमबीची होते. झिप एवढीशी आणि उघडल्यावर एवढी मोठी, हे दिसलं की डिलीट करा. आणि इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा असं कुठंही लिहिलेलं दिसलं तर पुढचं वाचूसुद्धा नका. हल्ली अजून एक निघालंय, तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा म्हणतात आणि विंडोजचं बटण व आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर असं सांगतात. त्या साईटनं तुमच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुम्ही स्वतःच्या हातानं चालवता. कुठलीही खरी साईट असं करायला सांगत नाही.

शंका असेल तर व्हायरसटोटल नावाची गूगलच्या मालकीची साईट आहे, फुकट आहे, तिथं फाईल टाकली की सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस ती तपासतात. फक्त ड्रायव्हर टाका, गिऱ्हाईकाची बिलं, आधार कार्ड तिथं टाकू नका, कारण टाकलेली फाईल दुसऱ्यांनाही मिळू शकते. आणि सगळे निरोगी म्हणाले तरी फाईल कालच बनवलेली असू शकते हे डोक्यात ठेवा.

आता टी-शर्ट छापणाऱ्यांनी, युनिफॉर्मवाल्यांनी हे नीट वाचा. प्रोकलर्ड नावाची चीनची कंपनी आहे, कपड्यावर छापायचे डीटीएफ प्रिंटर, यूव्ही प्रिंटर बनवते. मे २०२५ मध्ये उघड झालं की ह्या कंपनीनं स्वतः दिलेल्या सॉफ्टवेअरच्या डाउनलोडमध्येच व्हायरस होता, आणि बरेच महिने होता. एका युट्यूबरला प्रिंटर तपासायला मिळाला होता, त्याच्या अँटिव्हायरसनं ओरड केली, कंपनी म्हणाली चुकून दाखवतोय, पण तो शांत बसला नाही. जी डेटा ह्या जर्मन अँटिव्हायरस कंपनीनं फाईली तपासल्या तर ३९ फाईलींमध्ये व्हायरस निघाला. एक मशीनचा ताबा बाहेरच्याला देणारा, दुसरा बिटकॉइनचा पत्ता कॉपी केला की त्या जागी चोराचा पत्ता चिकटवणारा, आणि त्या पत्त्यावर तोवर ९ बिटकॉइनच्या वर जमा झालेले होते. म्हणजे साईट कंपनीचीच, वस्तू खरी, तरीही फाईल वाईट. अँटिव्हायरस ओरडतोय आणि विकणारा म्हणतोय दुर्लक्ष करा, तेव्हा विकणाऱ्याचं ऐकू नका. दुसऱ्याकडून तपासून घ्या, आणि तोवर ते सॉफ्टवेअर अशा कॉम्प्युटरवर ठेवा ज्यावर बँक, मेल काही नाही.

जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच कापडात नक्षी काढणाऱ्या मागाच्या, डिझाईनवाल्यांसाठीही एक गोष्ट, ही मनाला लागते कारण ओळखीची पोरं यात अडकलेली बघितलीयत. डिझाईनची सॉफ्टवेअर महाग असतात, डोंगलवर चालतात, म्हणजे यूएसबीला कंपनीची किल्ली लावली तरच उघडतात, मग कुणीतरी डोंगल न लागणारी कॉपी आणून देतो आणि सोबत एक ड्रायव्हर देतो जो खोटा डोंगल दाखवतो. त्यावर मायक्रोसॉफ्टची सही नसते, म्हणून तो टाकण्यासाठी विंडोजची सही तपासायची व्यवस्थाच बंद करतात. तुमच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली टेस्ट मोड असं लिहिलेलं दिसत असेल तर हे तुमच्या मशीनवर झालेलं आहे. त्या दिवसापासून बिनसहीचा जॉबर थेट मागाच्या आत जाऊ शकतो आणि दारात विचारणारं कुणी नाही. अशा मशीनवर पार्टीचे पैसे फिरवू नका.

सेतू, सीएससी, रेशन दुकान चालवणाऱ्यांना ठशाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन आधारसाठी चालवणारा प्रोग्रॅम, लागते, टेंडर आणि जीएसटीवाल्यांना डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर लागतो. ह्या दोन्हींच्या नावानं भरपूर साईट निघाल्यात. ज्या कंपनीचं मशीन त्याच कंपनीची साईट, आणि टोकनच्या बाबतीत ज्यानं डीएससी, म्हणजे ती डिजिटल सही, काढून दिली त्याच्याकडून लिंक मागा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी फाईल घेऊ नका, पाठवणारा आपला माणूस असला तरी त्यानं ती कुठून घेतली ते त्यालाही माहिती नसतं.

आणि इन्स्टॉल करताना मध्येच एरर येऊन हेल्पलाइनचा नंबर दिसला तर फोन करू नका. काही साईटवर ड्रायव्हर असा नसतोच, नुसती सरकणारी पट्टी दाखवतात आणि शेवटी एरर. फोन केला की गोड बोलून मशीन रिमोटवर घेतात आणि पैसे मागतात.

चुकून चालवलीच फाईल तर? नेट काढा, वायर किंवा वायफाय, लगेच. त्या मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका. दुसऱ्या चांगल्या मोबाईलवरून आधी मेलचा पासवर्ड बदला आणि सगळ्या ठिकाणांहून लॉगआउट करा असा पर्याय असतो तो दाबा, त्यानं चोरलेली कुकी बाद होते, नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. मेलच्या सेटिंगमध्ये कुणी फॉरवर्डिंग लावून ठेवलंय का ते बघा, अण्णांच्या मेलमध्ये लावलेलं होतं. मग बँक, जीएसटी, व्हॉट्सॲपची जोडलेली डिव्हाइस. बँकेला कळवा, पार्ट्यांना स्वतः फोन करून सांगा की अकाउंट बदललेला नाही. पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला तात्काळ फोन, जेवढा लवकर तेवढी रक्कम अडवायची शक्यता जास्त, आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. मशीन मात्र डेटा बाजूला काढून पूर्ण फॉरमॅट करा, मी अण्णांचं तेच केलं.

त्यांच्या बाकीच्या चार मशीन अजून विंडोज १० वर होत्या, त्याही बदलायच्या होत्या. या वेळी आधी एक काम केलं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून पीएनपीयूटिल नावाची विंडोजचीच कमांड चालवली, एक्सपोर्ट ड्रायव्हरचा पर्याय आणि एक फोल्डर देऊन, की बाहेरून टाकलेले आणि नीट चालत असलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरमध्ये कॉपी होतात. चारही मशीनची चार फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतली, नवीन विंडोज टाकल्यावर जे चाललं नाही त्याला डिव्हाइस मॅनेजरमधून तो फोल्डर दाखवला. एकही फाईल नेटवरून उतरवावी लागली नाही. पेन ड्राइव्ह आता ताईंच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि प्रत्येक प्रिंटरच्या स्टिकरचा फोटो त्यांनी स्वतः काढून त्यात ठेवलाय.